प्रकल्प नोंदी: मोठा बोरू वटवट्या आणि ग्वामचा नामशेष वटवट्या यांच्या लाकडी प्रतिकृती

१२ जानेवारी २०२५

आमच्या तालुक्यातील वाचनालयाच्या निसर्गदालनासाठी दोन पक्ष्यांच्या खऱ्या आकाराच्या लाकडी प्रतिकृती करावयाच्या आहेत. एक पक्षी इथला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर जलाशयाच्या पाणकणसात सहज ऐकू येणारा मोठा बोरू वटवट्या, ज्याचे शास्त्रीय नाव ॲक्रोसेफॅलस स्टेंटोरियस. दुसरा त्याच प्रजातीगटातील, पण पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरचा ॲक्रोसेफॅलस ल्युसिनियस, ज्याची शेवटची नोंद १९६९ मधील आहे आणि जो आता नामशेष मानला जातो. असे काम दुसऱ्या कोणाला करावेसे वाटले तर वेळ आणि पैसा कुठे जातो हे आधी कळावे, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

बेटावरचा नामशेष पक्षी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर डोडो येतो. डोडोशेजारी ठेवायला आपल्याकडे काहीच नाही, त्यामुळे तो गोष्टीतलाच राहतो. ग्वामचा वटवट्या तसा नाही. तो आपल्या वटवट्याएवढाच, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा, वरून तपकिरी, खालून फिकट, बोरूत, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवतात, राहणारा साधा पक्षी होता. ग्वामच्या आगान्या दलदलीत माजणारे गवत म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा नळच, फ्रॅगमायटिस कार्का. इतके साम्य असताना एक उरला आणि एक गेला, हे दोन्ही पक्षी शेजारी हातात घेतल्यावर जितके जाणवेल तितके चित्रातून जाणवणार नाही, असे मला वाटते. म्हणून प्रतिकृती लाकडाच्या आणि हाताळता येतील अशा करण्याचे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये धरली आहे.

१९ जानेवारी

पहाटे चापडगावच्या बाजूने जलाशयाकाठी बसलो. हिवाळ्यात हा पक्षी फारसा गात नाही, पण पाणकणसातून त्याचे जाड ‘चक्’ ऐकू येते आणि त्या आवाजाच्या दिशेने दुर्बीण धरून थांबले की तो केव्हातरी बाहेर येतो. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळत आहे. पक्षी आपली हद्द सोडून धावत येतो आणि त्याची दिसणारी ठेवण खरी नसते. शिवाय त्याला विनाकारण त्रास होतो तो वेगळाच.

आज एक पक्षी जवळ, अगदी दहा-बारा पावलांवर आला. दोन कणसांच्या देठांमध्ये तो पाय फाकवून उभा राहिला, एक पाय एका देठावर आणि दुसरा दुसऱ्यावर, आणि वाऱ्याने देठ लांब-जवळ होत होते तशी त्याच्या मांड्यांची पिसे उघडत-मिटत होती. चोचीचा वरचा भाग गडद, खालच्या भागाच्या मुळाशी गुलाबी छटा. भुवईची फिकट रेघ डोळ्याच्या जरा मागे जाऊन विरते. शेपटीचे टोक गोलसर आहे, कारण बाहेरची पिसे मधल्या पिसांपेक्षा आखूड आहेत. हे सर्व लगेच रेखाटून घेतले.

ज्यांना हा पक्षी नवीन आहे त्यांनी हिवाळ्यात एक काळजी घ्यावी. ब्लिथचा बोरू वटवट्या या दिवसांत महाराष्ट्रात सगळीकडे असतो आणि रंगाने तोही असाच असतो, पण तो बराच लहान आहे आणि बोरूपेक्षा झुडपांत, बागांत जास्त आढळतो. शरीराच्या मानाने चोच किती लांब दिसते हे पाहावे. मोठ्या वटवट्याची चोच पहिल्या नजरेतच डोळ्यांत भरते.

२ फेब्रुवारी

मापांचा तक्ता करायला घेतला आणि इथेच दोन आठवडे गेले. आपल्या पक्ष्याचा पंख साधारण आठ ते नऊ सेंटिमीटर असतो, याबाबत निरनिराळ्या लेखनात फारसा फरक नाही. चोचीच्या मापांत मात्र मेळ बसेना. एका ठिकाणचे आकडे पाहिले तर ग्वामच्या पक्ष्याची चोच आपल्या पक्ष्यापेक्षा खूपच लांब ठरे, दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांनी जवळपास सारखी.

कारण शेवटी सापडले. चोच तीन ठिकाणांहून मोजली जाते: कपाळावरची पिसे जिथे संपतात तिथून टोकापर्यंत, पिसांच्या खाली कवटीला चोच जिथे जुळते तिथून टोकापर्यंत, किंवा नाकपुडीच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत. या आकाराच्या वटवट्यात पहिल्या दोन मापांतच चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतो. जुन्या लेखनातील माप एका पद्धतीचे आणि अलीकडच्या पक्षी-ओळख पुस्तकांतील माप दुसऱ्या पद्धतीचे असेल, तर आपण पक्ष्यांची तुलना करत नाही, मोजणाऱ्यांची करतो. जिथे पद्धत लिहिलेली नव्हती ते सर्व आकडे तक्त्यातून काढून टाकले. तक्ता निम्म्याहून लहान झाला, पण उरला तो विश्वासाचा. ग्वामच्या पक्ष्याची चोच लांब होती हे त्यातूनही टिकले, फक्त सुरुवातीला वाटले होते तितका मोठा फरक राहिला नाही.

पंखाच्या बाबतीतही विचारून घ्यावे की तो नैसर्गिक वळणासह मोजला आहे की पट्टीवर दाबून सपाट करून. हा फरक एक-दोन मिलिमीटरचा असतो. लाकडात तो दिसत नाही, पण तक्त्यात चुकीचा निष्कर्ष काढायला तेवढा पुरतो.

९ फेब्रुवारी

ग्वामच्या पक्ष्याचे नमुने परदेशांतील संग्रहालयांत आहेत. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन क्वॉय आणि गेमार या फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी केले. ड्यूमाँ द्युरव्हिल यांच्या ‘ॲस्ट्रोलेब’ जहाजाबरोबर ते १८२८ मध्ये ग्वामला आले होते. पुढे १८८७ ते १८८९ या काळात आल्फ्रेड मार्श यांनी ग्वाम ज्यांत येते त्या मारियाना बेटांवर पॅरिसच्या संग्रहालयासाठी पक्षी जमवले आणि १९०० मध्ये होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातर्फे ॲल्विन सील ग्वामला गेले. मला त्या संग्रहालयांत जाणे शक्य नाही, म्हणून अशा जुन्या नमुन्यांची जी छायाचित्रे पाहायला मिळाली त्यांवर काम केले.

छायाचित्रावरून माप काढताना दोन अडचणी आल्या. पहिली अशी की चित्रातील पट्टी टेबलावर असते आणि पक्ष्याचे शरीर टेबलापासून दीड-दोन सेंटिमीटर वर उचललेले असते. कॅमेऱ्याच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते, त्यामुळे पट्टीच्या हिशेबाने पक्षी खऱ्यापेक्षा मोठा येतो. यावर उपाय असा केला की चित्राचा आकार पट्टीवरून न ठरवता, पद्धत नोंदवलेल्या पंखाच्या मापावरून ठरवला आणि चित्राचा उपयोग फक्त प्रमाण आणि आकार घेण्यासाठी केला.

दुसरी अडचण छपाईची. दुकानात काढलेल्या प्रती घरी आणून मोजल्या तेव्हा दहा सेंटिमीटरची रेघ ९७ मिलिमीटर भरली. छपाईच्या वेळी पान कागदावर बसवण्याचा पर्याय चालू असला की यंत्र चित्र आपोआप लहान करते. ‘ॲक्च्युअल साइज’ असे सांगून सर्व प्रती पुन्हा काढाव्या लागल्या. आता प्रत्येक पानाच्या खाली दहा सेंटिमीटरची एक रेघ टाकून घेतो आणि दुकानातच पट्टी लावून पाहतो.

२१ फेब्रुवारी

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहातील मोठ्या बोरू वटवट्याचे नमुने पाहण्याची परवानगी मिळाली होती, त्यानुसार आज जाऊन आलो. या संपूर्ण कामात या भेटीइतके दुसऱ्या कशातून शिकायला मिळाले नाही.

संग्रहातील नमुना म्हणजे कापूस भरून शिवलेले कातडे. तो पाठीवर झोपवलेला असतो, पंख अंगाशी मिटलेले, पाय एकमेकांवर घेऊन दोऱ्याने बांधलेले आणि त्या दोऱ्याला कागदाची चिठ्ठी. डोळ्यांच्या जागी कापूस दिसतो. मान किती लांब, छाती किती भरलेली, हे सर्व कातडे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, म्हणून या दोन गोष्टी नमुन्यावरून कधीही घेऊ नयेत. घ्याव्यात त्या हाडाशी आणि पिसाशी बांधलेल्या गोष्टी: चोच, नडगी, पंखातील पिसांचा क्रम, शेपटीची पायरी.

रंगाचा धडा त्याहून मोठा मिळाला. वेगवेगळ्या काळातील नमुने एका ट्रेमध्ये ओळीने ठेवलेले पाहिले की लक्षात येते, जुन्या नमुन्यांची पाठ तांबूस झाली आहे. एकाच जातीचे, साधारण एकाच ऋतूतील पक्षी, पण जुना पक्षी गंजल्यासारखा आणि त्या मानाने नवा मातकट तपकिरी. शिवाय कातड्यात राहिलेली चरबी हळूहळू पाझरून पोटावरची पिसे पिवळट करते. ग्वामच्या पक्ष्याचे वर्णन करताना पोटाकडच्या फिकट पिवळ्या रंगाचा उल्लेख नेहमी येतो. तो रंग खरा होता यात शंका नाही, पण शंभर वर्षांहून जुन्या कातड्याच्या छायाचित्रात दिसणारा सगळा पिवळेपणा पक्ष्याचा समजून रंगवला, तर आपण चरबीचा डाग रंगवतो. म्हणून यापुढे जुना नमुना फक्त जुन्या नमुन्याशीच ताडून पाहायचा. आपला ताजा, उन्हातला पक्षी आणि त्यांचा जुना नमुना अशी रंगाची तुलना करायची नाही.

२ मार्च

शिवणीचे लाकूड घेतले. शिवण हलकी, कोरायला मऊ आणि वाळल्यावर फारशी न वाकणारी असते. ओळखीच्या सुताराने कापून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांतून दोन ठोकळे निवडून दिले. ताजे लाकूड घेऊ नये असे त्यांनी बजावले आणि ते बरोबर आहे. पक्ष्याचे अंग वाळताना तडकले तर दुरुस्ती दिसते.

बाजूचा आणि वरचा असे दोन आकार ठोकळ्यावर चिकटवून करवतीने कापले, मग पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. अंग एका दिवसात आकाराला आले. चोच मात्र तीनदा तुटली. अंगाच्या लाकडातूनच चोच कोरायची तर तंतू चोचीच्या लांबीच्या दिशेने यायला हवेत. डोके किंचित वर उचललेले असल्यामुळे ते तिरके येतात आणि इतक्या बारीक जाडीला तिथेच तुटतात. शेवटी डोक्यात बारीक भोक पाडून पितळी तार बसवली आणि तिच्यावर एम-सीलने चोच घडवली. एम-सील घट्ट व्हायच्या आत ओल्या बोटाने फिरवून घ्यावे, नंतर कानस लावली तर कडेचे कपचे उडतात. ग्वामच्या पक्ष्यासाठी सुरुवातीपासूनच तारेची चोच करणार आहे, कारण ती अधिक लांब आहे आणि लोक हाताळताना आधी तिलाच धरणार.

१६ मार्च

दोन्ही पक्षी कच्चे कोरून झाले. दोघेही बोरूवर उभे, डोके उचललेले. ओळखीच्या एका निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षकांना बोलावून दाखवले. त्यांनी दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हा दुसरा असा उभा राहत होता हे तुम्हाला कशावरून कळलं?”

उत्तर स्पष्ट होते. ती ठेवण मी नांदूर मधमेश्वरच्या पक्ष्याची घेतली होती. मान, छातीचा भरदारपणा, शेपटी धरण्याचा कोन, सर्व आपल्या पक्ष्याचे आणि त्याला फक्त लांब चोच लावलेली. ग्वामचा म्हणून जे लाकडात उभे होते ते वेषांतर केलेले इथलेच पाखरू होते.

सायपान बेटावरचा त्याचा नातलग अजून जिवंत आहे आणि त्याची छायाचित्रे मिळतात, तेव्हा ठेवण त्याच्यावरून घ्यावी असा विचार केला. तोही टिकला नाही. पूर्वी मारियाना बेटांवरचे हे सर्व वटवटे एकाच जातीचे धरत. परंतु पॅसिफिकमधील बोरू वटवट्यांच्या डीएनएचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यात संग्रहालयांतील जुन्या कातड्यांचाही उपयोग केला होता. त्यातून या बेटांवरच्या वटवट्यांचा मूळ पूर्वज एकच नाही, ते वेगवेगळ्या वेळी येऊन पोहोचले, असे दिसले. त्यानंतर ग्वाम, सायपान, अगिगुआन आणि पगान येथील पक्षी वेगळ्या जाती म्हणून मांडले जाऊ लागले. त्यांतील सायपानचा तेवढा उरला आहे. तो सायपान आणि अलामगान या दोन बेटांवर आहे. राहण्याची जागाही वेगळी. सायपानचा पक्षी दलदलीबाहेर, युद्धानंतर बेटावर माजलेल्या सुबाभळीच्या रानातही राहतो. ग्वामचा पक्षी गोड्या पाण्याच्या दलदलीला आणि तिथल्या बोरूला धरून होता. एकाची सवय दुसऱ्याला लावण्याचा आधार राहत नाही.

म्हणून आराखडाच बदलला. आता तीन प्रतिकृती होतील. ग्वामचा पक्षी संग्रहालयातील नमुन्याप्रमाणे पाठीवर, पंख मिटलेला, पायाला चिठ्ठी बांधलेला. त्याच्या शेजारी, त्याच स्थितीत, आपला बोरू वटवट्या. तुलना या दोघांत होईल आणि ती फक्त कातड्याने जपलेल्या गोष्टींची असेल. तिसरा पक्षी म्हणजे बोरूवर उभा राहून गाणारा आपला वटवट्या, कारण त्याला आपण तसा पाहतो. गाणाऱ्या पक्ष्याची जोडीची जागा रिकामी राहील. कच्चा कोरलेला ग्वामचा पक्षी बाजूला ठेवला. त्यात गेलेला वेळ परत येणार नाही, पण तसाच रंगवून मांडला असता तर दालनात येणाऱ्या मुलांनी तोच ग्वामचा पक्षी म्हणून मनात ठेवला असता.

३० मार्च

आज पाडवा. सकाळची गुढी झाल्यावर पायथ्याचे काम घेतले. कालव्याकाठचे नळाचे सुके देठ आणले होते. देठ आतून पोकळ असतो, त्यामुळे पायाची तार त्यात नुसती खोचली की पक्षी फिरतो. पेराच्या ठिकाणी, जिथे आत पडदा असतो, तिथेच भोक पाडावे आणि आत बांबूची बारीक काडी गोंद लावून बसवावी. पहिल्या देठात आठवडाभरात भुसा पडू लागला. आत कीड होती. उरलेले देठ कडक उन्हात तापवले, टोके मेणाने बंद केली आणि बाहेरून वार्निशचा हात दिला.

झोपवलेल्या दोन पक्ष्यांचे कोरीव काम लवकर झाले, कारण त्यात पाय उभे करण्याची कटकट नाही. पंखातील पिसांच्या टोकांना मात्र वेळ लागला. मिटलेल्या पंखात सर्वांत लांब पीस कोणते आणि त्याच्या आत-बाहेरची किती आखूड, यावर पंखाचे टोक टोकदार की गोल हे ठरते. दूरचे स्थलांतर करणाऱ्या वटवट्यांचे टोक लांबट असते, तर पॅसिफिक बेटांवर स्थायिक झालेल्यांचे सामान्यतः आखूड आणि गोलसर. आपला मोठा बोरू वटवट्या या दोन टोकांच्या मधला आहे. काश्मीर आणि मध्य आशियात वीण करणारे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात, तर काही ठिकाणी तो बारमाही राहतो. त्यामुळे दोघांच्या पंखांतील फरक नाट्यमय नाही. बोटाने टोकावरून हात फिरवला तर कळतो एवढाच, आणि मी तो वाढवून दाखवलेला नाही.

१३ एप्रिल

रंगकाम. प्रायमरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर, मग ॲक्रिलिक. पाठीचा तपकिरी रंग बाटलीतून सरळ घेतला तर तो चॉकलेटी दिसतो. त्यात अगदी थोडा हिरवा आणि राखाडी मिसळल्यावर तो पिसाच्या जवळ येतो. एका जाड थराऐवजी पातळ थर एकावर एक द्यावेत. ॲक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होते, म्हणून प्रत्येक मिश्रण टाकाऊ लाकडावर लावून, पूर्ण वाळवून मगच ठरवावे. पहिल्यांदा पोटाचा फिकट रंग वाळल्यावर मातीसारखा झाला आणि पुन्हा प्रायमरपर्यंत घासावा लागला.

झोपवलेल्या दोन्ही पक्ष्यांना जुन्या नमुन्यांचाच रंग दिला आहे, म्हणजे पाठ किंचित तांबूस. ग्वामच्या पक्ष्याच्या पोटावर पिवळी छटा आहे, पण फिकट आणि सर्वत्र सारखी; डागासारखी नाही. उभ्या पक्ष्याला मात्र बाहेर पाहिलेला ताजा रंग. शेजारी फलकावर या फरकाचे कारण लिहावे लागेल, नाहीतर एकाच जातीचे दोन रंग का, असा प्रश्न येणारच.

२७ एप्रिल

फलकाचा मजकूर. हे काम कोरण्यापेक्षा अवघड गेले.

ग्वामच्या पक्ष्यांची कहाणी बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितली जाते: साप आला आणि पक्षी संपले. त्यात तथ्य मोठे आहे. बॉयगा इरेग्युलॅरिस हा तपकिरी, रात्री झाडांवर फिरणारा साप मूळचा न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर-पूर्व किनाऱ्याकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या वाहतुकीतून तो ग्वामला पोहोचला असे मानले जाते. ग्वामवर त्याआधी गांडुळासारखा एक छोटा आंधळा साप सोडला तर दुसरा साप नव्हता, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना रात्री घरट्यावर येणाऱ्या शिकाऱ्याची सवयच नव्हती. ज्युली सॅव्हिज यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापाचा बेटावरील प्रसार आणि पक्ष्यांचे नाहीसे होणे यांचा मेळ दाखवून दिला. बेटावरच्या बारा स्थानिक वनपक्ष्यांपैकी दहा तिथून नाहीसे झाले.

मात्र वटवट्याचा मृत्यू एकट्या सापाच्या नावावर लिहायला मी धजावलो नाही. तो दलदलीचा पक्षी होता आणि ग्वामची दलदल मुळातच थोडी. बेट सुमारे ५४० चौरस किलोमीटरचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील एखाद्या छोट्या तालुक्याएवढे, आणि त्यात बोरूची जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या जागांचा निचरा, आगी, युद्ध, कीटकनाशके, मांजरे आणि उंदीर हे सर्व कारणांच्या यादीत येतात. जो पक्षी दलदल सोडून दुसरीकडे राहत नाही, त्याच्यासाठी यांतील कोणतेही कारण साप पोहोचण्याआधीच पुरेसे धोक्याचे होते. फलकावर मी कारणे एकत्र लिहिली आहेत आणि साप त्यांत ठळक ठेवला आहे, पण एकटा नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडावासा वाटला. त्याच बॉयगा प्रजातीगटातील मांजऱ्या साप महाराष्ट्रात सर्वत्र आहे, तोही रात्री फिरतो. आपले पक्षी त्याच्यासह आणि इतर अनेक सापांसह कितीतरी पिढ्या राहत आले आहेत. मुलांनी फलक वाचून मांजऱ्या दिसला की मारावा असा अर्थ काढू नये, म्हणून हा परिच्छेद दोनदा लिहून काढला. दोष सापाच्या स्वभावात नव्हता. माणसाने त्याला जिथे नेऊन सोडले तिथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. दुसरा धागा नळाचा आणि पाणकणसाचा. नांदूर मधमेश्वर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, पण गावोगावच्या तळ्यांकाठचे बोरू सफाईच्या नावाखाली जाळले आणि उपटले जातात. आपला बोरू वटवट्या इजिप्तपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला असल्यामुळे जात म्हणून त्याला धोका नाही. एका तळ्याकाठचा पक्षी मात्र तळ्याचे बोरू गेले की जातो, आणि ग्वाम हे एका मोठ्या तळ्याइतकेच एकाकी होते.

११ मे

उभ्या पक्ष्याच्या उघड्या चोचीचे काम राहिले होते, ते या ऋतूसाठीच ठेवले होते. आता पाणकणसात गाणे जोरात चालू आहे. पक्षी देठावरून वर सरकत टोकाजवळ येतो, गळ्याची पिसे फुगवतो आणि कर्र-कर्र-करीट-करीट सुरू करतो. त्या वेळी चोचीच्या आतला नारिंगी रंग दुर्बिणीतून स्वच्छ दिसतो. गाताना शेपटी खाली झुकते आणि अंग देठाशी जवळजवळ समांतर येते. मार्चमध्ये कोरलेल्या पक्ष्याचा कोन यापेक्षा आडवा होता. पायांच्या तारा वाकवून तो सरळ केला आणि गळ्यावर लाकडाच्या भुशाचा व गोंदाचा थर देऊन फुगीरपणा आणला.

घरटे शोधलेले नाही आणि शोधूही नये. बोरूत शिरण्यासाठी देठ वाकवले की आत जायला वाट तयार होते, आणि त्या वाटेने मुंगूस, कुत्रे कोणीही जाऊ शकते.

२५ मे

मांडणी पूर्ण झाली. झोपवलेले दोन पक्षी एका उथळ ट्रेमध्ये पांढऱ्या कापडावर, डोकी एकाच दिशेला, चोचींची टोके एका ओळीत. दोघेही १८ सेंटिमीटर लांबीचे केले आहेत, त्यामुळे लक्ष आपोआप चोचीकडे आणि पंखाच्या टोकाकडे जाते. ट्रेच्या कडेला पितळी पट्टी बसवली आहे, म्हणजे मुलांना स्वतः माप घेता येईल. चिठ्ठ्यांवर जाती, ठिकाण आणि ‘लाकडी प्रतिकृती’ हे शब्द ठळक लिहिले आहेत, कारण कोणाला खरे कातडे वाटले तर विनाकारण वाद होतो. नळावरचा गाणारा पक्षी ट्रेच्या डावीकडे आहे. उजवीकडे तेवढ्याच उंचीचा दुसरा नळ उभा केला आहे, त्यावर काही नाही.

खर्च असा झाला: शिवणीचे लाकूड ४५०, पितळी तार आणि एम-सील १२०, रंग १,१००, ब्रश ६००, डिजिटल व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) ९००, छपाई २६०, मुंबईचा प्रवास ७८०, ट्रे, नळ, फलक आणि पेटी १,६००. एकूण ५,८१० रुपये, म्हणजे ठरवल्यापेक्षा ८१० जास्त. व्हर्नियर कोणाकडून उसना मिळाला तर खर्च मर्यादेत बसतो, पण पट्टीने चोच मोजण्याचा प्रयत्न करू नये. ब्रशमध्ये काटकसर करू नये. स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकतात आणि काढताना थर उचलला जातो.

ज्यांना हेच करायचे आहे त्यांनी क्रम बदलावा: आधी संग्रहातील नमुने पाहावेत, मग मापे जमवावीत आणि लाकडाला सर्वांत शेवटी हात लावावा. आपल्या पक्ष्याशिवाय दुसरी जोडी हवी असल्यास हवाईच्या लेसन बेटावरचा वटवट्या घेता येईल. तो १८९१ मध्ये शास्त्राला माहीत झाला, १९०३ मध्ये बेटावर ससे सोडले गेले, सशांनी झाडोरा खाऊन टाकला आणि १९२३ मध्ये गेलेल्या ‘टॅनेजर’ जहाजाच्या शास्त्रीय मोहिमेला तो सापडला नाही. आकाराने तो आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या ब्लिथच्या वटवट्याजवळ जातो. त्या जोडीत एक वेगळी गोष्टही सांगता येते: हवाईच्याच निहोआ बेटावरच्या त्याच्या नातलगांपैकी २०११ आणि २०१२ मध्ये मिळून ५० पक्षी लेसनवर नेऊन सोडले आणि तिथे त्यांनी वीण केली.

दालनात एक काम बाकी आहे. ट्रेची उंची लहान मुलांना जास्त पडते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात टेबलाचे पाय चार इंचांनी कापून घ्यायचे आहेत.